भाषण, व्याख्यान की 'दोन शब्द'? पत्रिकेत काय छापू सांगा

मार्कंडेयकाठ
मंडळी नमस्कार. थोडी मदत पाहिजे आणि परवापर्यंत पाहिजे, कारण परवा पत्रिका छापायला टाकायची आहे.

आमच्या गावच्या वाचनालयाला ५० वर्षं झाली म्हणून छोटासा कार्यक्रम ठेवलाय. गाव बेळगावपासून काही लांब नाही, पण पत्रिका म्हटली की अख्खं गाव प्रूफ तपासायला बसतंय. मी साधं लिहिलं होतं: दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचे भाषण, अध्यक्षीय भाषण, आभार प्रदर्शन. हे घेऊन पाहुण्यांकडं गेलो. पाहुणे म्हणजे आमचेच जुने गुरुजी, रिटायर होऊन वीस वर्षं झाली असतील. त्यांनी चष्मा लावला, खिशातलं लाल पेन काढलं (अजून लाल पेनच असतंय खिशात!) आणि 'भाषण'वर काट मारली. म्हणाले, "मी काय इलेक्शनला उभारलोय? भाषण पुढारी करतात. मी व्याख्यान देतो."

बरं म्हणून व्याख्यान केलं तर कमिटीतली पोरं म्हणाली, व्याख्यान वाचून कोण येत नाही, लोकांना वाटतंय दीड तास अडकलो. एकजण म्हणतोय मनोगत लिव, दुसरा म्हणतोय मार्गदर्शन. महिला मंडळाच्या वहिनी म्हणाल्या प्रवचन लिहा, निदान बायका तरी येतील. आणि कळस म्हणजे पत्रिकेची दुसरी बाजू कन्नडमध्ये आहे, तिथं डीटीपीवाल्यानं 'उपन्यास' टाकलं. तो फोटो ग्रुपवर गेला आणि हिंदी वाचणाऱ्या एका पाहुण्यांचा फोन, "कोणाची कादंबरी प्रकाशित करताय?"

तर प्रश्न दोन. एक, पत्रिकेत काय छापू. दोन, तुमच्या घरात, गल्लीत याला काय म्हणतात आणि 'भाषण' हा शब्द खरंच एवढा नासलाय का?

कुंदावाला
पहिला! भाषणच लिवा की ओ. तिथं माईक असणार, हार असणार, पाण्याची बाटली असणार. त्याला भाषण नाही म्हणायचं तर काय बारसं म्हणायचं?

जेवण आहे का कार्यक्रमाला?

तिसरं_गेट
गुरुजींचं बरोबर आहे आणि नाहीपण. आम्ही शाळेत होतो तेव्हा भाषण म्हणजे १ ऑगस्ट. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हांला लोकमान्य टिळकांविषयी दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्ताने ऐकून घ्यावे ही नम्र विनंती." इथपर्यंत सगळ्यांचं सेम. पुढं शेंगांची टरफलं, तीपण सेम. तेव्हा भाषण ह्या शब्दात पुढारी कुठं नव्हताच, घाम होता फक्त. माझे पाय इतके लटपटायचे की टेबल हलायचं आणि टेबलावरचा टिळकांचा फोटो हलायचा.

शेवटचं वाक्य मात्र आमच्याकडं अवघड. "एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो, जय हिंद" इथपर्यंत ठीक, पुढं जय काय म्हणायचं? एका वर्षी एका पोरानं सवयीनं जे यायचं ते म्हटलं आणि समोर त्या दिवशी नेमके तपासणीला आलेले साहेब बसलेले. शाळेचं नाव सांगत नाही. त्यानंतर आमच्या बाईंनी सगळ्यांची भाषणं 'जय हिंद'वर कापली. एक पोरगा तर घाबरून 'जय' म्हणून थांबला आणि खाली आला.

डीटीपीवाला_खडेबाजार
मार्कंडेयकाठ, तो डीटीपीवाला मी नव्हे हे आधी सांगतो 😀

पण धंदा तोच आहे तेव्हा आतली गोष्ट ऐका. गिऱ्हाईक बघून शब्द ठरलेला असतो, आम्हाला विचारावंपण लागत नाही. पुढारी असेल तर 'प्रमुख मार्गदर्शक'. मठाचा कार्यक्रम असेल तर 'दिव्य सान्निध्य' आणि 'आशीर्वचन'. सोसायटीची वार्षिक सभा असेल तर चेअरमनचं 'मनोगत'. कॉलेज असेल तर व्याख्यान. पारायण असेल तर रोजचं प्रवचन आणि कीर्तन, त्यात महाराजांच्या नावामागं ह.भ.प. चुकून राहिलं तर अख्खा गठ्ठा परत येतो. 'भाषण' हा शब्द मी शेवटचा कधी टाईप केला आठवत नाही. भाषण स्पर्धा पण आता 'वक्तृत्व स्पर्धा' झालीय. म्हणजे शब्द बोलण्यात जिवंत आणि छापण्यात मेलेला.

एक मार्गदर्शन तेवढं टाळा. आमच्याकडं ज्यांना मार्गदर्शक छापतात त्यांना हॉलचा रस्ता दाखवायला दोन पोरं उभी करावी लागतात.

पुणेरी_जावई
पुण्यात १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला चालू आहे, न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली. व्याख्यान म्हटलं की कोणी येत नाही हे तुमच्या कमिटीच्या पोरांचं म्हणणं काही पटलं नाही. व्याख्यानाला विषय असतो, तयारी असते. भाषण कोणीही देतं.

अक्का_शहापूर
भाषण 'देतं'? करतात हो भाषण. देतात ते शिव्या.

पुणेरी_जावई
अक्का, दोन्ही चालतं. पेपरात रोज 'भाषण दिले' असतं.

शब्दवेडी_टिळकवाडी
पेपरात येतं म्हणून चालतं असं नाही, पण चुकीचंच म्हणून काठी पण उगारू नये. माझं म्हणणं असं आहे की प्रत्येकाचं क्रियापद बघा, त्यातच सगळं आलं. भाषण करतात, व्याख्यान देतात, पुराण सांगतात, कीर्तन करतात, मनोगत व्यक्त करतात, विचार मांडतात. व्याख्यान देतात कारण तिथं ऐकणाऱ्याला काहीतरी मिळायचं असतं. भाषण करतात, कारण ते करणाऱ्याचं असतं, ऐकणाऱ्याला मिळेलच असं नाही 😀 'भाषण देणे' हे हिंदीच्या 'भाषण देना' वरून आलंय असं मला वाटतं. गंमत म्हणजे आपल्या इथं कन्नडमध्येही 'भाषण माडिदरु' म्हणजे केलंच. त्यामुळं सीमाभागातला माणूस दोन्ही भाषांत भाषण करतोच, देत नाही.

आता मूळ शब्द. भाष् म्हणजे बोलणे, एवढंच. मोल्सवर्थच्या कोशात भाषणाचा अर्थ बोलणं असाच आहे, माईकबिईक काही नाही. जुन्या गोष्टीत "हे त्याचे भाषण ऐकून राजा संतापला" असं असायचं, त्यात राजासमोर कोणी स्टेज बांधलेलं नसतं, दोघं आपले बोलत असतात. संभाषण, मितभाषी ह्या शब्दांत तो साधा अर्थ अजून शिल्लक आहे. व्याख्यान म्हणजे उलगडून सांगणं, एखाद्या ग्रंथाचा, वचनाचा अर्थ लावणं. म्हणजे गुरुजी पुस्तकांवर बोलणार असतील तर त्यांचा हट्ट शब्दाच्या हिशोबानं बरोबर आहे. पण भाषण हलकं म्हणून नव्हे.

सदू_येळ्ळूर
एवढा अभ्यास करून मंडे बिशी झाली अक्का, डोकंच तापलं. मी बोलूलालो ते भाषण का व्याख्यान?

शब्दवेडी_टिळकवाडी
ती बडबड.

अक्का_शहापूर
😂😂

आमच्या घरात यातलं कुठलंच नव्हतं. आमची आज्जी सगळ्याला पुराण म्हणायची. अण्णा सभेला गेले की, "गेला पुराण ऐकायला." आम्ही कुणी जास्त बोललो की, "पुरे तुझं पुराण." तिच्या लेखी बसून ऐकायची गोष्ट म्हणजे पुराणच, मग सांगणारा देवळातला असो की मैदानातला. कीर्तन मात्र वेगळं ठेवायची, कारण कीर्तनाला जाताना नऊवारीची घडी मोडायची आणि पुराणाला नेसत्या लुगड्यानिशी जायची.

आणि आईनं आम्हाला रागवायला सुरुवात केली की अण्णा पेपराआडून म्हणायचे, "पूर्वरंग झाला, आता उत्तररंग." ते वाक्य आलं की आईचा राग आमच्यावरून त्यांच्यावर जायचा आणि आम्ही सुटायचो. मुद्दाम करायचे का माहीत नाही, विचारायचं राहून गेलं.

धारवाडची_सून
हा धागा मी सकाळपासून वाचतेय, आता राहवत नाही. मी माहेरची कन्नड, सासर अनगोळ, मराठी इथं येऊन शिकले तेव्हा चुका समजून घ्या.

पहिलं म्हणजे त्या डीटीपीवाल्याला शिव्या देऊ नका, त्याचं शंभर टक्के बरोबर आहे. कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यानच. कॉलेजातल्या लेक्चररला उपन्यासक म्हणतात. कादंबरीला आम्ही पण कादंबरीच म्हणतो, तुमच्यासारखंच. हिंदीवाल्यांनी उपन्यास तिकडं नेला, त्यात आमचा काय दोष?

माझा स्वतःचा किस्सा निरूपणाचा. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, देवळात चल, आज निरूपण चांगलं आहे. आमच्याकडं निरूपणे म्हणजे सूत्रसंचालन. कार्यक्रमात जो माईकवर "आता अमुक येतील, आता तमुक येतील" सांगतो तो निरूपक, टीव्हीवरचा अँकर पण निरूपकच. मी मनात म्हटलं, काय लोक आहेत, कोण बोलणार ते सोडून अनाउन्स करणारा चांगला आहे म्हणून जातात! तिथं जाऊन बसले. एक महाराज दीड तास एकाच ओवीवर बोलले. मी वाट बघतेय की हा आता दुसऱ्याला कधी बोलावणार. शेवटी आरतीच झाली.

आणि कीर्तने आमच्याकडं गाणं, पुरंदरदासांची कीर्तने असतात ना ती. तुम्ही जे उभं राहून चिपळ्या घेऊन गोष्ट सांगता ती हरिकथे. आभाराला वंदनार्पणे. आणि मनोगत असतं तसं आमचं 'अनिसिके', शिबिर संपताना सगळ्यांना सांगायला लावतात ते.

तिसरं_गेट
वहिनी, शाळेतली ती पोरं शेवटी काय म्हणतात कन्नडमध्ये? "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" ला?

धारवाडची_सून
"इष्टु हेळि नन्न एरडु मातु मुगस्तीनि." म्हणजे एवढं सांगून माझे दोन शब्द संपवते. शब्दाला शब्द. तिकडं पण दोनच असतात आणि तिकडं पण दोन कधीच नसतात.

कुंदावाला
म्हणजे सीमाप्रश्नावर दोन्ही बाजूंचं एकमत असलेला हा एकच मुद्दा.

मुळचा_खानापूरचा
यावरून घोषणा देऊ का? 😀

बरं ते सोडा, 'सभा' कुणी सांगितलं नाही अजून. आमच्या बाजूला भाषण ऐकायला कोण जात नव्हतं, सभा ऐकायला जायचे. "काल सभा ऐकली, काय सभा केली बघ." आता सभा ऐकायची वस्तू आहे का, पण तसंच म्हणायचे. एकट्या माणसाचं बोलणं असलं तरी सभा त्याची. आणि चांगला बोलला तर फड मारला, कुस्तीसारखं. वाईट बोलला तर चऱ्हाट. फारच लांबलं तर गुऱ्हाळ, आणि ऊसवाल्या भागात गुऱ्हाळ म्हणजे काय ते माहीत असतंय, एकदा चालू झालं की दिवसरात्र कढई उतरत नाही.

सभेच्या आधी रिक्षावर भोंगा लावून फिरायचे ती आमची दवंडी. आमच्या गावात म्हातारी माणसं डांगोरा म्हणत आणि शेजारच्या कन्नड वाडीत डंगुर. एकच शब्द, एकच हलगी. आता व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सगळे जॉईन आणि कोण येत नाही.

छावणीतला
उपन्यासकवरून आठवलं. वडील लष्करात, त्यामुळं आमचं लहानपण कॅम्पात. शेजारी उत्तरेकडचे एक हवालदार काका राहायला आले. मुलीच्या ॲडमिशनला एका कॉलेजात गेले, मराठी कन्नड दोन्ही येत नाही, सोबत मी. स्टाफरूमच्या बाहेर बोर्ड, मी अक्षरं लावून वाचून दाखवली, इतिहास उपन्यासकरु, अर्थशास्त्र उपन्यासकरु, गणित उपन्यासकरु. काकांचे डोळे मोठे झाले. म्हणाले, क्या बात है, इस शहर में गणित पढ़ाने वाले भी उपन्यास लिखते हैं! घरी जाऊन काकूंना सांगितलं की बेळगाव फार सुसंस्कृत शहर आहे. बदली होईपर्यंत त्यांचा तो समज कोणी मोडला नाही.

बंगळुरात_अडकलेला
माझं जरा नाजूक आहे. ऑफिसात केरळचा एक मित्र, मल्याळममध्ये भाषणाला प्रसंगम् म्हणतात. तो मोठ्या अभिमानानं सांगत होता की कॉलेजात मी प्रसंगम् मध्ये पहिला यायचो. ठीक आहे. शेजारचा कन्नड मित्र म्हणाला आमच्याकडं फार बोलणाऱ्याला, आगाऊपणा करणाऱ्याला अधिकप्रसंगी म्हणतात. हेपण ठीक. मग दोघं माझ्याकडं वळले, मराठीत काय? आता मराठीत प्रसंग जास्त झाला की 'अतिप्रसंग' होतो आणि तो पेपरात पोलिसांच्या बातमीत असतो हे त्यांना समजावून सांगताना माझ्यावर जो प्रसंग आला तो मीच जाणे.

पुणेरी_जावई
हे भारी आहे. पण धागा भरकटला. मूळ प्रश्न पत्रिकेचा होता.

सदू_येळ्ळूर
भरकटू दे की ओ जावई. तुमचं काय पत्रिका छापायचं आहे? परवापर्यंत टाईम आहे.

माझं एक गाऱ्हाणं आहे ते ऐका. लग्नातलं भाषण. आमच्या बाजूला लग्नात अक्षता पडायच्या आधी माईक हातात घेऊन, "वधूवरांना आशीर्वाद देण्यासाठी अमुक साहेब दोन शब्द बोलतील." ह्याला भाषण म्हणायचं नाही, आशीर्वाद म्हणायचं. माझ्या स्वतःच्या लग्नात असे पाच आशीर्वाद झाले. मुहूर्त १२ वाजून काहीतरी मिनिटांचा होता. चौथ्या आशीर्वादात ऊसदराचा विषय निघाला. मी मुंडावळ्या बांधून उभा, अंतरपाट धरलेल्या मामांचे हात दुखायला लागले म्हणून त्यांनी अंतरपाट खाली केला, तर भटजी ओरडले वर धरा. मला पलीकडं ती दिसली तेव्हा ती जांभई देत होती. पहिली नजरानजर ती. पाचवे साहेब म्हणाले, वेळेचं भान ठेवून मी थांबतो, आणि त्यानंतर वीस मिनिटं थांबले नाहीत.

अक्का_शहापूर
सदू, हे तू तुझ्या लग्नाच्या वाढदिवसाला लिहायला पाहिजे होतंस.

लग्नाचं एकवेळ परवडलं. दिवसाच्या कार्यातपण आता माईक असतो. गेलेल्या माणसाबद्दल दोघं बोलतात, बाकीचे स्वतःबद्दल. तिथं तरी नुसतं बसावं.

इतिहासाचा_नाद
उशिरा आलो. 'भाषण' हा शब्द नासलाय म्हणणाऱ्यांना माझा विरोध, आणि विरोधाचं कारण बेळगावातलंच आहे.

१९१६ साली एप्रिलअखेर बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली, तिथंच टिळकांची होमरूल लीग निघाली. १ मे ला इथं टिळक होमरूलवर बोलले, मराठीत. पुढं महिन्याभरात नगरला दोनदा बोलले. ह्या तीन भाषणांवरून सरकारनं त्यांच्याकडं एक वर्ष चांगल्या वर्तणुकीसाठी २० हजारांचा जातमुचलका आणि वर १०-१० हजारांचे दोन जामीन मागितले. नोटीस आली ती त्यांच्या साठीच्या वाढदिवशी. हायकोर्टात बॅरिस्टर जिनांनी बाजू मांडली आणि हुकूम रद्द झाला. जज्जांचा मुद्दा असा होता की इकडचं एक वाक्य तिकडचं एक वाक्य उचलू नका, भाषण सगळं मिळून काय सांगतं ते बघा. विचार करा, १९१६ सालचे २० हजार. आज आपण ज्याला 'उगाच भाषण ठोकतोय' म्हणतो त्या वस्तूची किंमत सरकारनं तेवढी लावली होती.

१९२४ ला टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात ह्या एकाच अधिवेशनाला. १९२९ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष शि. म. परांजपे, 'काळ' साप्ताहिकाचे संपादक, वक्रोक्तीत हात धरणारा नाही असा माणूस. १९४६ ला परत संमेलन बेळगावातच, माडखोलकर अध्यक्ष, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथला. आणि बॅ. नाथ पै. १७ जानेवारीला सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाला बेळगावात बोलले आणि १८ जानेवारी १९७१ ला बेळगावातच गेले. आमचे वडील त्या सभेला होते. ते आयुष्यभर "नाथ पैंचं शेवटचं भाषण मी ऐकलं" असंच म्हणायचे. व्याख्यान नाही, मनोगत नाही, मार्गदर्शन तर नाहीच. भाषण. आणि तो शब्द म्हणताना त्यांचा आवाज खाली यायचा.

मुळचा_खानापूरचा
👏 हे वाचून आता भाषणाला शिव्या द्यायला जीभ रेटत नाही.

शब्दवेडी_टिळकवाडी
नाद साहेब, मान्य. पण तुमच्या उदाहरणातच उत्तर आहे, शब्द करणाऱ्यामुळं चढतो आणि करणाऱ्यामुळंच उतरतो. आज व्याख्यान वर आहे म्हणून गुरुजींना ते पाहिजे. पण गल्लीतले सगळे उद्या व्याख्याते झाले, आणि 'शिवव्याख्याते', 'प्रेरणादायी व्याख्याते' असे फ्लेक्स आत्ताच दिसायला लागलेत, की मग व्याख्यानावरपण कोणीतरी लाल पेन चालवेल. बौद्धिकचं तेच झालं नाही का? संघात पण बौद्धिक होतं आणि सेवादलात पण बौद्धिक होतं, दोन्हीकडं मान होता. आता घरात कोणी उपदेश करायला लागला की "बौद्धिक नको". लेक्चरचं तर सांगायलाच नको.

धारवाडची_सून
आमच्याकडं पण नवरा जास्त शहाणपणा सांगायला लागला की "भाषण बिगीब्याड" म्हणतात. बिगी म्हणजे आवळणं, घट्ट करणं. तुमच्या 'भाषण ठोकू नको' सारखं. म्हणजे भाषणाला घरात दोन्हीकडं किंमत नाही 😀

पुणेरी_जावई
शब्दवेडी यांचा मुद्दा मान्य आहे. 'देणे' चा मात्र मान्य नाही.

अक्का_शहापूर
तुम्ही द्या हो भाषण, आम्ही करतो.

डीटीपीवाला_खडेबाजार
मार्कंडेयकाठ कुठं गेले? उद्या छापायचं आहे ना? मी एक सुचवू का, धंद्यातला अनुभव. शब्द टाकूच नका. नुसतं नाव आणि खाली विषय. 'भाषण' शब्दावर भांडण असतं, विषयावर कोण भांडत नाही कारण विषय कोण वाचत नाही.

धारवाडची_सून
कन्नड बाजूला 'अतिथिगळ मातु' करा. मातु म्हणजे बोलणं. साधा शब्द आहे, आमच्या गावच्या शाळेच्या पत्रिकेत तोच असायचा. उपन्यास काढला की पाहुण्यांचा फोनपण येणार नाही.

शब्दवेडी_टिळकवाडी
मग मराठीत पण 'बोलणं' का नको? भाषणाचा मुळातला अर्थ तोच आहे की. नाहीतरी गावात "गुरुजी बोलणार आहेत" असंच सांगतात ना सगळे, कुणी "गुरुजींचे व्याख्यान संपन्न होणार आहे" म्हणतंय का?

मार्कंडेयकाठ
मंडळी, गायब नव्हतो, पत्रिकेमागंच पळत होतो. सगळं वाचलं, गुरुजींनापण वाचून दाखवलं. टिळकांच्या जामिनाचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. निरूपणाच्या किश्शाला इतके हसले की ठसका लागला, काकू पाणी घेऊन आल्या.

मग स्वतःच म्हणाले, भाषण शब्दावर मी उगाच काट मारली, पण आता मारलेली काट परत काय घेत नाही. मी 'गुरुजी बोलतील' असं लिहून दाखवलं. बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "हे बरं आहे. बोलतील. नाही सुचलं तर गप्प बसतील, तेपण चालेल." विषय त्यांनीच सांगितला, 'वाचनालयातली पहिली शंभर पुस्तकं'. ती शंभर पुस्तकं त्यांनी आणि आणखी दोघांनी सायकलवरून घरोघरी फिरून मागून आणली होती. हे आम्हाला कमिटीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. ५० वर्षांचा अहवाल लिहिला त्यात पण नाही.

कन्नड बाजूला वहिनींचं 'मातु' घेतलं. डीटीपीवाला म्हणाला आधी सांगितलं असतं तर एक अक्षर पण कमी लागलं असतं.

लाल पेन मात्र परत निघालंच. जाता जाता 'आभार प्रदर्शन' मधलं प्रदर्शन काढलं. "आभार मानायचेत, मांडायचेत कशाला?" पत्रिका आता छापायला गेली.

पुणेरी_जावई
गुरुजींना नमस्कार सांगा. बाहेरगावहून आलं तर चालतं का?

मार्कंडेयकाठ
या की. पण आल्यावर कुणी माईक हातात दिला तर दोनच शब्द. मोजणार आहे.

कुंदावाला
माझ्या पहिल्याच प्रश्नाला अजून उत्तर नाही. जेवण आहे का?

मार्कंडेयकाठ
आहे की ओ. फक्त गुरुजींच्या आधी का नंतर ते मुद्दाम छापलेलं नाही.